खुलासा: ‘शैवाल उष्णतेला सरावतात’ हे अर्धेच खरे
सूक्ष्म शैवालांच्या पिढ्या झपाट्याने बदलतात, म्हणून समुद्र कितीही तापला तरी ते निभावतील, असा मजकूर फिरतो आहे. पहिला भाग बरोबर. अनेक जातींच्या पेशी साधारण दिवसातून एकदा विभागतात आणि प्रयोगशाळेत काहीशे पिढ्यांत डायटम (काचेसारखे कवच असलेले एकपेशी शैवाल) जास्त उष्ण पाण्यात वाढू लागल्याचे दिसले आहे. पण तिथे नायट्रेट, फॉस्फेट ही पोषके मुबलक असतात. खुल्या समुद्रात तापलेला वरचा थर हलका होतो, खालच्या पोषक पाण्यात सहज मिसळत नाही; आणि उपाशी शैवालांची उष्णता सोसण्याची मर्यादाच घटते. शिवाय टिकतात त्या बहुधा लहान पेशींच्या जाती. मोठ्या डायटमवर जगणारे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे लहान प्राणी) आणि त्यांच्यावर जगणारे मासे यांचे काय, याबद्दल त्या मजकुरात एक शब्दही नाही.