ऐकू आली नसेल

मंगळवारी सकाळी आठ ते दुपारी दोन मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे सगळ्यांनी नेमकी यावरच शंका घेतली आहे. आंघोळ सातला उरकली होती. कुकर लावला नाही, शिट्टीत बेल बुडेल म्हणून. मिक्सर तर नाहीच. एकदा जावं लागलं, तेव्हा दार उघडं ठेवून गेले. नवरा आठवडाभर तुलूझला असतो, त्याचा एवढाच फायदा. सव्वादोनला कचरा टाकायला खाली उतरले, तर पत्रपेटीत चिठ्ठी : ‘आम्ही येऊन गेलो. आपण घरी नव्हतात.’

पार्सल आईचं, फराळाचं. दुधातुपाचं काही टपालाने युरोपात चालत नाही, म्हणून लाडू नव्हते. चकली आणि पातळ पोह्यांचा चिवडा, बस.

मी राहते ती लियाँमधली क्र्वा-रूस टेकडी. एकोणिसाव्या शतकात इथे रेशीम विणणारे राहायचे. त्यांचे जाकार माग उंच, म्हणून घरांची छतं चार-चार मीटरवर. पाहुणे येतात ते माना वर करून ‘वा, काय छत आहे’ म्हणतात. छत चार मीटरवर म्हणजे जिनाही तेवढाच चढायचा, हे घर भाड्याने देताना कोणी बोललं नव्हतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. पार्सलवाला जिना बघून खालूनच पळाला असेल, हे मी समजू शकते. पण बेलचं बटण तळमजल्यावर आहे हो! एका बोटाचं काम.

असो. बुधवारी चिठ्ठी घेऊन पार्सल ठेवतात त्या दुकानात गेले. दुकान खरं लाँड्रीचं. पुढे इस्त्रीचे कोट लटकलेले, मागे पार्सलांची चळत. मी चिठ्ठी दिली आणि वर्षभर पैसे भरून शिकलेल्या फ्रेंचमध्ये सांगितलं की मी घरीच होते, बेल वाजलीच नाही. दुकानदाराने मान वरही केली नाही.

‘‘वू नोरे पा आंतांद्यू ला सोनेत.’’

इथे थोडं व्याकरण सोसावं लागेल, मी सोसलंय. हा फ्यूत्यूर आंतेरिअर, म्हणजे पूर्ण भविष्यकाळ. ‘आव्वार’ (जवळ असणं) किंवा ‘एत्र’ (असणं) यातल्या एका सहायक क्रियापदाचा भविष्यकाळ करायचा आणि त्याला मुख्य क्रियापदाचं भूतकृदंत, म्हणजे ‘गेलेला’, ‘ऐकलेली’ असलं रूप, जोडायचं. बहुतेक क्रियापदांना ‘आव्वार’. ‘एत्र’वाल्यांसाठी आमच्या वर्गातल्या बाई फळ्यावर एक घर काढतात : माणूस येतो, जातो, जिना चढतो, उतरतो, पडतो, जन्मतो, मरतो. (त्या घरात पार्सलवालासुद्धा जिना चढतो.) घरात राहणं, म्हणजे जागचं न हलणं, हेही ‘एत्र’च्याच खात्यात, आणि धावणं, चालणं, पोहणं मात्र ‘आव्वार’कडे. का, असं विचारलं की बाई खांदे उडवतात. फ्रेंचमध्ये खांदे उडवणं हा व्याकरणाचाच भाग आहे. तर हा काळ वापरायचा कधी? पुढे एक गोष्ट व्हायच्या आधी दुसरी झालेली असेल, तेव्हा. ‘माझं काम झालं असेल तेव्हा मी येईन’, अशा थाटाचं. मराठीत आपण ‘झालं की येईन’ म्हणून मोकळे होतो. फ्रेंच माणूस मोकळा होत नाही.

एवढंच शिकलेलं असल्यामुळे दुकानदाराचं वाक्य मला भविष्यवाणी वाटली. तुम्ही बेल ऐकलेली नसणार! मी म्हटलं, ‘‘भविष्यात नाही हो, काल. काल वाजली नाही.’’

आणि माझ्या मागून आवाज आला, ‘‘पण मादाम, ते कालचंच बोलतायत.’’

सत्तरीच्या पुढच्या बाई. राखी कोट, हातात लाँड्रीची पावती, काखेतल्या पिशवीतून डोकं बाहेर काढलेला एक म्हातारा कुत्रा. निवृत्त शाळामास्तरीण, हे त्यांनी आपणहून सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती. त्यांनी बोट वर केलं आणि लाँड्रीचा वर्ग झाला. त्या म्हणाल्या, हा काळ नावाला भविष्याचा, पण घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज सांगायलाही वापरतात. ‘इल ओरा माँके सों त्रँ’, म्हणजे त्याची गाडी चुकली असेल. चुकेल नव्हे, चुकली असेल. ‘‘नाजूक छटा आहे, मादाम. हे गृहस्थ तुमच्यावर आरोप करत नाहीत, फक्त शक्यता वर्तवतात.’’ गृहस्थांनी शक्यता वर्तवल्यासारखी मान हलवली. कुत्र्यानेही.

मला छटा लख्ख कळली, आणि तीच तर बोच. कारण हे आपलंच की! ‘अस’चा भविष्यकाळ आणि वर भूतकृदंत : गेला असेल, विसरला असेल, ऐकू आली नसेल. आमची अख्खी सोसायटी या काळात बोलते. ‘तुम्ही घरी नव्हता’ असं तोंडावर म्हणाला असता तर मी भांडले असते. ‘ऐकू आली नसेल’ याच्याशी भांडणार कसं? पुरावा द्यावा लागत नाही, माफी मागावी लागत नाही, आणि समोरचा बहिरा ठरतो तो ठरतोच.

तेवढ्यात त्याने खोका आणला. एका कोपऱ्यावर नवी कोरी चिकटपट्टी. माझं डोकं सटकलं. ‘हा तुम्ही उघडलेला खोका’ असं मी फ्रेंचमध्ये ओरडले : ‘‘ला ब्वात क वू झावे उव्हेर!’’

‘‘उव्हेर्त!’’ मागून बाई. ‘‘ब्वात स्त्रीलिंगी. आणि क्रियापदाच्या आधी आलीये.’’

म्हणजे असं. ‘आव्वार’वाल्या कृदंताने कर्माचं लिंग-वचन घ्यायचं, पण कर्म आधी आलं तरच. नंतर आलं तर कृदंत ढिम्म. हा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या दरबारी कवीने इटालियनवरून उचलला, ही माहितीही बाईंनी तिथेच दिली. आणि 2018 मध्ये दोन बेल्जियन शिक्षकांनी तो मोडीत काढा म्हटलं, हे सांगताना त्यांनी कुत्र्याचे कान झाकल्यासारखं केलं. रांगेतला एक तरुण बेल्जियनांच्या बाजूने बोलला. मग एक गृहस्थ त्या तरुणाच्या विरुद्ध. माझ्या खोक्याच्या बाजूने कोणीही बोलत नव्हतं.

मला सांगायचं होतं की बाई, आमच्याकडे याला कर्मणी प्रयोग म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून आमची पोरं हे प्रयोग घोकतायत. आणि आमचा प्रयोग तुमच्यासारखा अर्धवट नाही. ‘चकली खाल्ली मी’ म्हणा नाहीतर ‘मी खाल्ली चकली’, चकली आधी येवो की नंतर, ती खाल्लीच. पण हे सगळं फ्रेंचमध्ये सांगायला मला आणखी दोन वर्षं वर्गाला जावं लागेल. मी नुसतं ‘‘उव्हेर्त’’ म्हटलं. बाई म्हणाल्या, ‘‘व्वाला.’’

दुकानदार तोवर मंद हसत होता. ‘‘ला दुआन लोरा उव्हेर्त.’’ कस्टम्सने उघडला असेल. पुन्हा तोच काळ! शिवाय लिंग अचूक, कारण बाई बघत होत्या.

मग त्याने माझा पासपोर्ट मागितला. पार्सलवर आईने माझं माहेरचं आडनाव लिहिलेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी तिच्या हाताला सासरचं वळण पडलेलं नाही. पासपोर्टवर सासरचं. मी शेवटचं पान काढून वडिलांचं नाव दाखवलं, आईचं दाखवलं. त्याला आई-वडिलांत रस नव्हता. ‘‘कां वू झोरे आपोर्ते अँ झ्युस्तिफिकातिफ...’’ तुम्ही पुरावा आणला असेल, तेव्हा मी खोका देईन. आमच्या पाठ्यपुस्तकातलं वाक्य, जसंच्या तसं. वर्षभर मी हे वाक्य रिकाम्या जागा भरा म्हणून सोडवलं, ते असं अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

खोका माझ्यापासून हातभर अंतरावर. तेलाचा डाग दिसत होता, ओव्याचा वासही येत होता. आईने गुडघे दुखत असताना पोस्टात रांग लावून पाठवलेला खोका, आणि इथे तीन माणसं आणि एक कुत्रा कृदंतावर चर्चा करतायत. माझ्या घशात काहीतरी आलं. मी ओरडले की तुम्ही खोका द्याल तोवर मी मेलेली असेन : ‘‘ज सरे मोर!’’

दुकान एकदम गप्प. आता तरी कोणी विचारेल, बाई गं, पाणी देऊ का?

‘‘मोर्त, मादाम,’’ मागून हळू आवाजात आलं. ‘‘तुम्ही बाई आहात.’’

म्हणजे मेल्यावरसुद्धा लिंग चुकवायचं नाही. ‘मोर’ म्हणजे मेलेला पुरुष, आणि मराठी कानाने ऐकलं तर मी मोर होऊन लाँड्रीत उभी. पण त्याहून वाईट म्हणजे मृत्यू त्या फळ्यावरच्या घरातला, ‘एत्र’वाला, त्यामुळे कृदंत कर्त्याप्रमाणे चालणार हे मला माहीत होतं. परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. बाईंनी वर माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, की काळ मात्र अगदी योग्य निवडलात.

खोका शुक्रवारी मिळाला. विवाहाचा दाखला, त्याचं शपथ घेतलेल्या अनुवादकाकडून केलेलं फ्रेंच भाषांतर, आणि विजेचं बिल. विजेचं बिल कशाला, ते विचारू नका. चिवडा ठीक होता. चकलीचा मात्र भुगा, चमच्याने खावा असा.

रात्री आईला फोन लावला. मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं : न लावलेला कुकर, उघडं दार, चिठ्ठी, दुकानदार, पट्टी. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, आता दोन शिव्या हासडेल त्या पार्सलवाल्याला.

‘‘अगं,’’ ती म्हणाली, ‘‘तुझा जरा डोळा लागला असेल.’’