‘ॲलर्जीच्या दिवसांत सीपॅप बंद ठेवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस ओसरून रस्त्याकडेचं गाजर गवत फुलोऱ्याला आलं, की सांगली-साताऱ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. बेदाण्याच्या हंगामात तो पुन्हा उगवतो. मजकूर थोडक्यात असा: ‘स्लीप ॲप्नियाच्या पेशंटांनी सर्दी-ॲलर्जी असेपर्यंत सीपॅप मशीन लावू नये. चोंदलेल्या नाकात हवा जात नाही. मशीन धूळ छातीत ढकलतं. लावायचंच असेल तर टाकीत निलगिरीचे दोन थेंब टाका, रोज झोपताना नाकात थेंब घाला आणि पट्टे घट्ट आवळा.’ खाली ‘जनहितार्थ’ असतंच. स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार. सीपॅप म्हणजे पट्ट्यांनी चेहऱ्याला बांधलेल्या मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, आणि टाकी म्हणजे ती हवा दमट करणारी त्यातली पाण्याची टाकी.

‘चोंदलेल्या नाकात हवा जात नाही, म्हणून बंद ठेवा.’ त्रास खरा आहे, निष्कर्ष उलटा. या आजारात श्वास अडतो तो घशात. झोपेत जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग सैल पडतो आणि वाट मिटते. मशीनचं प्रेशर ती उघडी धरतं. नाक चोंदलं की हवा आत ओढायला जोर लागतो आणि त्या ओढीनं घसा आणखी मिटतो. म्हणजे मशीनची गरज जास्त असते तेव्हाच ते कपाटात टाकायला सांगितलं जातंय. आधी महिनोन्‌महिने लावलंय म्हणून पुढे चार रात्री चालून जातात असंही नाही. मशीन काढलं की त्याच रात्री श्वास पुन्हा अडू लागतो, दिवसाची पेंगही मागोमाग येते. खंबाटकी घाटात गाडी चालवणाऱ्यानं तर हा प्रयोग करूच नये.

नाक मोकळं करायचं, पण मास्क लावायच्या तासभर आधी. पाणी किमान 1 मिनिट खळखळून उकळून कोमट होऊ द्या. त्यातलं 240 मिली घेऊन अर्धा छोटा चमचा आयोडीन नसलेलं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. नळाचं किंवा बोअरचं कच्चं पाणी नाकात घालू नका. त्यातला अमिबा क्वचितच, पण जीवघेणा संसर्ग करतो. बेसिनवर वाकून मान एका कुशीला वळवा, तोंड उघडं ठेवून तोंडानं श्वास घ्या आणि वरच्या नाकपुडीत पाणी सोडा. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. मग दुसरी बाजू. नंतर हलकेच शिंकरा. जोर लावला तर कानात दडे बसतात.

डॉक्टरांनी नाकात मारायचा फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा (सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचा) स्प्रे दिला असेल, तर तो यानंतर 10-15 मिनिटांनी. मान किंचित खाली, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात (उजवीसाठी डावा) आणि स्प्रेचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कडेकडे. पडद्यावर मारत राहिलं की रक्त येतं आणि स्प्रे बदनाम होतो. पूर्ण गुण यायला काही दिवस ते 2 आठवडे लागतात. म्हणून दरवर्षी ठरलेल्या महिन्यात शिंका सुरू होत असतील, तर त्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

‘मशीन धूळ छातीत ढकलतं.’ मशीन हवा बनवत नाही, तुम्ही ज्या खोलीत झोपता तिथलीच घेतं, तीही फिल्टरमधून. बहुतेक परागकण 10 ते 100 मायक्रॉनचे असतात, ते फिल्टरवर अडकतात. मास्क न लावता झोपलात तर तीच हवा न गाळता नाकात जाते. फिल्टर मात्र जागेवर हवा. पांढरा, कागदासारखा पातळ फिल्टर धुवायचा नसतो. धुतला की त्याचे तंतू विस्कटतात. ॲलर्जीच्या दिवसांत तो दर आठवड्याला पाहा आणि राखाडी दिसला की बदला. स्पंजसारखा फिल्टर असेल तर तो साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवा. मशीन जमिनीवर नको, केर तिथंच उडतो. उशीच्या पातळीखाली, छोट्या स्टुलावर ठेवा.

फिल्टर कण अडवतो, वायू नाही. बेदाण्याला दिलेली गंधकाची धुरी, पेटलेल्या पाचटाचा वास, डासांची कॉइल हे सगळं त्यातून आत येतं. त्यावर खिडकी लावून घेणं आणि खोलीत कॉइल-उदबत्ती न लावणं एवढंच हातात आहे. रानातून आल्यावर डोकं धुऊन झोपा. केसांतले परागकण उशीवर आणि मास्कवर उतरले, तर फिल्टर काय करणार?

‘टाकीत निलगिरी टाका.’ अजिबात नको. तेलकट वाफ रात्रभर फुप्फुसात जाणं घातक आहे, शिवाय टाकी आणि नळीचा वास पुढे जात नाही. कापूर-मेंथॉलच्या मलमाचंही तेच. टाकीत फक्त डिस्टिल्ड पाणी, रोज नवं. बोअरचं पाणी घातलं की तळाला पांढरा थर धरतो. पाणी उकळून क्षार जात नाहीत. थर बसलाच तर 1 भाग व्हिनेगर आणि 9 भाग पाण्यात टाकी भिजवून नीट खळबळा. नाक कोरडं पडून जळजळत असेल तर मशीनवरचा दमटपणा एक-दोन अंकांनी वाढवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत असं केल्यावर नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज येतो. तेव्हा नळीला कापडी गवसणी घाला किंवा तापणारी नळी वापरा.

‘रोज रात्री नाकात थेंब.’ बाटलीवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलंय का पाहा. असेल तर फार तर 3 ते 5 दिवस. पुढे गेलात की थेंबांचा असर उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि बाटली सुटेनाशी होते. ॲप्नियाच्या पुष्कळ पेशंटांना बीपी असतं, त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. मेडिकलमधून ‘सर्दीची गोळी द्या’ म्हणून आणलेल्या गोळीचंही तसंच: फिनाइलएफ्रिन बीपी वाढवू शकतं, क्लोरफेनिरामीन गुंगी आणतं.

‘पट्टे घट्ट आवळा.’ सिलिकॉनच्या मास्कची कड हवेनं फुगून चेहऱ्याला बसते. आवळलात की ती दुमडते आणि हवा थेट डोळ्यांत जाते. मशीन चालू करून, आडवं पडून, पट्टे आधी सैल करा आणि गळती थांबेपर्यंतच ओढा. नाक चोंदून तोंड उघडं पडत असेल तर तेवढ्या दिवसांपुरता नाक-तोंड झाकणारा मास्क बरा. तोंडाला चिकटपट्टी लावायचा सल्लाही फिरतो. चोंदलेल्या नाकावर तो धोक्याचा आहे. उपचाराचं प्रेशर स्वतः बदलू नका. कमी प्रेशरपासून हळूहळू चढणारा रॅम्प आणि श्वास सोडताना प्रेशरमध्ये मिळणारी सूट मात्र सोयीसाठीच आहे, ती जरूर वापरा. सकाळी मशीनच्या पडद्यावर एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला तो आकडा) आणि गळती पाहा. एएचआय एरवी 5 च्या आत असतो आणि आता लागोपाठ तीन-चार रात्री वर जातोय, तर मशीनमधलं नोंदी साठवणारं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा.

काही मेसेजांत शेवटी ओझोन वायूनं मशीन साफ करणाऱ्या पेटीची जाहिरात जोडलेली असते. अशा पेट्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं 2020 मध्येच सावध केलं होतं. ओझोन नळीत उरला तर दमा-ॲलर्जीवाल्यांचा त्रास वाढतो. सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरतं.

मशीन खरंच थांबवावं लागतं ते अशा वेळी: नाकातून न थांबणारं रक्त, उलट्या, नाक, सायनस किंवा कानाचं ताजं ऑपरेशन, डोक्याला मार लागून नाकातून पाण्यासारखं गळणं, कानात असह्य ठणका. रात्र व्हायच्या आत डॉक्टरांना फोन करा. ते सांगेपर्यंत डोकं उंच ठेवून कुशीवर झोपा; दारू आणि झोपेची गोळी नको.