‘दुसऱ्यांनी दहा मिनिटांत बसवून दिली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारमध्ये बाळाची सीट बसवून घ्यायला आलात, आम्ही दीड तास घेतला, शेवटी ‘बसत नाही’ म्हणून सांगितलं आणि वर तपासणीचे पैसे घेतले. गाडीला आयसोफिक्स (बाळाची सीट अडकवायच्या धातूच्या कड्या) आहे, सीटही आयसोफिक्सची आहे, मग अडलं कुठे, हा तुमचा प्रश्न. त्याचं उत्तर पुढे दिलंय आणि आमची चूक जिथे आहे तिथे ती मान्यही केलीय. पण तुमच्या अभिप्रायातल्या शेवटच्या दोन ओळींमुळे एक गोष्ट आधी सांगायला हवी.

तुम्ही म्हणता, दुसऱ्या ठिकाणी तीच सीट पुढच्या जागेवर, बाळाचं तोंड मागे करून, दहा मिनिटांत बसवून दिली. सीट जराही हलत नाही, फक्त डॅशबोर्डवरचा ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’चा दिवा मधूनच जातो.

कृपा करून बाळाला त्या सीटवर आता बसवू नका. जवळच्या अंतरासाठीही नाही.

तो दिवा गेला याचा अर्थ त्या क्षणी समोरची एअरबॅग चालू आहे. धडक झाली तर ती सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पूर्ण फुगते आणि बाहेर येताना तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो. मोठा माणूस तिच्यापासून लांब असतो, ती फुगून झाल्यावर तो तिच्यावर टेकतो. मागे तोंड असलेल्या सीटची पाठ मात्र डॅशबोर्डला जवळजवळ चिकटलेली असते. पिशवी फुगता फुगताच त्या पाठीवर आदळते आणि त्या पाठीला आतून टेकलेलं असतं ते बाळाचं डोकं. म्हणून गाडीच्या सन व्हायझरवर ते न निघणारं स्टिकर असतं. तुमच्या गाडीतही ते आहे.

दिवा ये-जा का करतो, तेही सांगतो. काही गाड्यांमध्ये एअरबॅग बंद करायला किल्लीचं स्विच असतं, ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा दार उघडल्यावर दिसणाऱ्या डॅशबोर्डच्या कडेला. तुमच्या गाडीत ते नाही. तिथे सीटच्या गादीखालचा सेन्सर वजन बघून स्वतःच ठरवतो की बसलंय ते मूल आहे की मोठा माणूस. बाळाची सीट घट्ट बसवताना ती गादीत दाबली जाते, तो दाब सेन्सरला वजनासारखाच वाटतो. त्यात वळणावर किंवा ब्रेक लावताना भार सरकतो. सीटखाली जाड मॅट किंवा टॉवेल असेल तर अंदाज आणखी चुकतो. मोठा माणूस ओळखण्यासाठी केलेली ही व्यवस्था आहे, बाळाच्या जिवाची हमी म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही.

आणि दिवा कायम पेटलेला राहिला असता तरीही आम्ही ती सीट तिथे बसवली नसती. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या जागेवर कोणती चाइल्ड सीट चालते याचा तक्ता आहे. त्यात पुढच्या जागेसमोर मागे तोंड असलेल्या सीटसाठी फुली आहे. पुढच्या सीटला आयसोफिक्सच्या कड्या आहेत म्हणून ती आत बसली, एवढंच.

एक विनंती आणखी. एअरबॅगचा फ्यूज काढून ठेवा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. त्या फ्यूजवर बहुतेक वेळा एकटी ती पिशवी नसते, पट्टे क्षणात ताणून धरणारे प्रीटेन्शनर आणि बाजूच्या एअरबॅगही त्याच यंत्रणेवर चालतात.

आता मागच्या जागेबद्दल.

आयसोफिक्स म्हणजे गादी आणि पाठ यांच्या फटीत बसवलेल्या ६ मिलिमीटर जाडीच्या दोन कड्या, मध्यापासून मध्यापर्यंत २८० मिलिमीटर अंतरावर. हे माप सगळ्या गाड्यांमध्ये एकच, त्यामुळे कुठलीही आयसोफिक्स सीट कुठल्याही गाडीत ‘टक्’ करून लागते आणि दोन्ही खुणा हिरव्या होतात. पण कड्यांच्या वर आणि पुढे किती जागा आहे, ते प्रत्येक गाडीत वेगळं. त्यासाठीच सीटना आकाराचे वर्ग दिलेले असतात. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये आर-१ सगळ्यात लहान, आर-२ मधली, आर-३ सगळ्यात मोठी. तुमच्या गाडीच्या तक्त्यात मागच्या दोन्ही जागांसमोर फक्त आर-१ आहे. तुम्ही आणलेली फिरती सीट आर-२ आहे. आमच्या दृष्टीने निर्णय इथेच झाला होता. तरी आम्ही ती दोन्ही बाजूंना लावून पाहिली, कारण तक्त्याबाहेरची एखादी जोडी सीट बनवणाऱ्या कंपनीने स्वतः तपासून तिच्या गाड्यांच्या यादीत दिलेली असते. तुमचं मॉडेल त्या यादीतही नाही.

लावून पाहिल्यावर तीन अडचणी दिसल्या. तिन्ही या प्रकारच्या गाड्यांत नेहमी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली सपोर्ट लेगची. सीटच्या पुढच्या टोकाखालचा तो पाय जमिनीवर टेकतो आणि धडकेत सीट पुढे गोल फिरण्यापासून रोखतो. ज्या जागेवर आय-साइझची (आर-१२९ या नव्या नियमातल्या सीटसाठीच्या जागेची) खूण आहे तिथे खालची जमीन हा भार घेईल असं गाडीच्या कंपनीने पाहिलेलं असतं. तुमच्या मागच्या जागांवर ती खूण नाही. शिवाय तिथे जमीन सपाटही नाही, मधल्या उंचवट्याचा उतार आहे. पाय त्या उतारावर तिरका टेकत होता. पाय गरजेपेक्षा जास्त लांब केला की सीटचा तळ गादीवरून उचलला जातो आणि सगळा भार कड्यांवर येतो. आखूड ठेवला की तो टेकतच नाही.

दुसरी अडचण गादीच्या आकाराची. कूपे म्हणजे तुमच्यासारख्या दोन दारांच्या गाडीची मागची गादी खोलगट असते, मध्ये खड्डा आणि पुढची कड उंच. साध्या मोठ्या गाडीत याच सीटचा कोन बरोबर येतो. इथे पुढचं टोक उचललं जातं, सीट उभट होते, आणि झोपलेल्या बाळाचं डोकं छातीवर पडतं. लहान बाळाची श्वासनलिका त्याने दबू शकते. साध्या पट्ट्याच्या सीटमध्ये कोन सुधारायला गादीच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल ठेवायची परवानगी काही कंपन्या देतात. आयसोफिक्सच्या बेसखाली मात्र काहीही ठेवायचं नाही.

तिसरी अडचण पुढे बसणाऱ्याची. सीट मागे लावल्यावर पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली की बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. एअरबॅग आणि छाती यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवं, ते निम्मंही उरलं नाही. बाळाची आई पुढे बसते, असं तुम्ही सांगितलं होतं. एकाला सुरक्षित करताना दुसऱ्याला धोक्यात टाकायचं, हे आम्ही करणार नाही.

आता आमची चूक. वेळ ठरवताना आम्ही तुमच्याकडून गाडीचं आणि सीटचं नाव घेतलं, पण मॅन्युअलमधल्या त्या तक्त्याचा फोटो मागितला नाही. मागितला असता तर तुम्ही घरून निघण्याआधीच हे कळलं असतं, बाळाला घेऊन दीड तास थांबावं लागलं नसतं. नंतरही आमच्या माणसाने ‘मॅन्युअलला मान्य नाही’ एवढंच सांगितलं, वर लिहिलेलं कारण उलगडून सांगितलं नाही. तुमचा राग योग्य आहे. तपासणीचे पैसे परत केले आहेत. आता दोन दारांच्या प्रत्येक गाडीसाठी तो तक्ता आणि मागच्या जागेचे दोन फोटो मागवल्याशिवाय आम्ही वेळ देत नाही.

मग तुमच्या गाडीत काय बसेल? बाळ दहा महिन्यांचं, उंची ७४ सेंटीमीटर. चाइल्ड सीटसाठी २०१३ पासून लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ नियमानुसार पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत तोंड मागेच हवं. त्यानंतरही जितकं लांबवता येईल तितकं बरं, कारण या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. तुमच्यासाठी योग्य म्हणजे पट्ट्याने बांधायचा, सपोर्ट लेग नसलेला, आर-१ मापाचा इन्फंट कॅरियर, म्हणजे लहान बाळाची उचलून नेता येणारी सीट. त्याच्या लेबलवर कमाल उंची आणि वजन बघून घ्या. बरेच कॅरियर ८३ ते ८७ सेंटीमीटर आणि १३ किलोपर्यंत चालतात, म्हणजे अजून काही महिने निघतील. विकत घेण्याआधी तो गाडीत लावून बघाच, कारण इथे अडकतं ते बहुधा पट्ट्यापाशी.

गाडी सपाट जागी उभी करा. पुढची सीट लिव्हरने वाकवून पूर्ण पुढे घ्या आणि रिकामा कॅरियर आत न्या. गादीवर ठेवल्यावर त्याच्या बाजूवरची रेघ जमिनीला समांतर येते का बघा. तळाखाली हात घालून बघा. उंच कडांवर पुलासारखा अधांतरी बसला असेल तर आज घट्ट वाटेल, पण कडांचा फोम दबत जाईल तसा सैल होत जाईल. असा बसला तर ते मॉडेल सोडून द्या. मग कमरेचा पट्टा कॅरियरच्या निळ्या खुणांमधून न्या, बकल लावा, खांद्याचा पट्टा पाठीमागच्या निळ्या खाचेतून फिरवा आणि कॅरियर गादीत दाबत पट्टा ओढून घ्या. पट्ट्याला पीळ नको. या गाड्यांचे मागचे पट्टे आखूड असतात. वळसा पुरत नसेल तर जोडपट्टा लावायचा नाही, दुसरा कॅरियर शोधायचा. बकलची दांडी लांब असेल तर बकल कॅरियरच्या कडेवर येऊन वाकतं आणि तिथे तुटू शकतं. ते कडेच्या खाली, सरळ रेषेत असायला हवं.

शेवटी पट्टा जिथून जातो तिथे कॅरियर धरून हलवा. पुढे-मागे, डावी-उजवीकडे अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. डोक्याकडचं टोक थोडं हलतं, त्याची काळजी नको. बाळाचे खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यावेत, आणि गळ्याच्या हाडापाशी पट्ट्याची चुणी चिमटीत येता कामा नये. जाड स्वेटर घालून बांधू नका, पांघरूण वरून घाला.

दोन दारांच्या गाडीत एक गोष्ट हमखास विसरते. बाळाला आत ठेवून पुढची सीट परत लोटली की ती दर वेळी त्याच खाचेत थांबतेच असं नाही. काही गाड्यांत ती जास्त मागे येऊन कॅरियरला टेकते. टेकलेलं चालतं की नाही हे कॅरियरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बरोबर जागा सापडली की सीटच्या रुळाशेजारी टेपची खूण करून ठेवा. आणि मागची काच तिरकी असल्याने मागे तोंड केलेल्या बाळाच्या डोळ्यांवर सरळ ऊन येतं, बाळाच्या पट्ट्यांचं (हार्नेसचं) धातूचं बकलही तापतं. बसवण्याआधी हात लावून बघा.

फिरती सीट परत करायची घाई करू नका. ती चांगली सीट आहे. घरात दुसरी, चार दारांची गाडी असेल तर तिचा तक्ता आम्हाला पाठवा, मागे बहुधा ती नीट बसेल. या गाडीसाठी आमच्याकडे आर-१ मापाचे तीन वेगळे कॅरियर लावून बघायला ठेवले आहेत. तुम्ही म्हणाल त्या दिवशी या, पैसे लागणार नाहीत. येताना गाडीचं मॅन्युअल घ्या आणि बाळाला दुसऱ्या गाडीतून आणा.