ब्रूस ली, नानचाकूवालं टेबल टेनिस आणि बाकीच्या लोणकढी थापा

परवा परत तो व्हिडिओ आला. फॅमिली ग्रुपवर, खाली आगीचे इमोजी आणि "याला म्हणतात साधना". ब्रूस ली नानचाकूने (साखळीने जोडलेल्या दोन छोट्या काठ्या) टेबल टेनिस खेळतोय, समोर आधी एक जण, मग दोघं, आणि हा गडी चेंडू चुकवतच नाही. हा व्हिडिओ आहे २००८ चा. ब्रूस ली गेला १९७३ ला. चीनमध्ये नोकियाने एन-९६ फोनची ब्रूस ली एडिशन काढली होती, तिची ही जाहिरात, त्यात दिसतो तो त्याच्यासारखा दिसणारा दुसराच माणूस, फिल्म मुद्दाम जुनाट केलेली आणि चेंडू नंतर कॉम्प्युटरवर टाकलेला. जाहिरात म्हणून एक नंबर काम आहे, मान्य. पण मी हे ग्रुपवर लिहिलं तर एका काकांचं उत्तर आलं, "असेल जाहिरात, पण तो खेळू शकला असताच ना!"

आता याच्यावर काय बोलणार. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हे लिहितोय, जरा मोठं होईल, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं असं आहे की आपण ब्रूस लीला चुकीच्या कारणासाठी डोक्यावर घेतलंय. "त्याने कोणाकोणाला मारलं असतं" यातच आपण पन्नास वर्षं अडकलोय आणि तो मुळात काय होता ते बघतच नाही. तो सिनेमावाला होता हो. हाडाचा सिनेमावाला. बाप ली होई-चुएन कँटोनीज ऑपेरातला नट, ऑपेरा कंपनीच्या अमेरिका दौऱ्यात २७ नोव्हेंबर १९४० ला हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला, आणि काही महिन्यांचा असतानाच एका सिनेमात तान्हं बाळ म्हणून झळकला. मग सगळे हाँगकाँगला परत. तिथे शाळेत असतानाच तो बालकलाकार म्हणून ओळखीचा चेहरा होता. विंग चुन हा कुंग फूचा प्रकार शिकायला इप मान या गुरूकडे गेला तो नंतर, तेरा-चौदाव्या वर्षी. म्हणजे कॅमेरा आधी, कुंग फू नंतर. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि नाच! १९५८ मध्ये हा माणूस हाँगकाँगचा चा-चा चॅम्पियन होता, चा-चा म्हणजे तो क्युबन डान्स. शंभरावर स्टेप्स त्याने लिहून ठेवलेल्या. १९५९ ला अमेरिकेला बोटीने गेला तेव्हा बोटीवरच्या फर्स्ट क्लासवाल्यांना चा-चा शिकवत गेला. हे कोणी फॉरवर्ड करत नाही बघा, कारण आपल्या डोक्यातला ब्रूस ली नाचत नाही, तो फक्त लाथ मारतो. पण त्याच्या फाईटमधली पावलं परत बघा एकदा, तो ताल कुठून आलाय ते लगेच कळेल.

आता ती सगळ्यात लाडकी गोष्ट, "तो एवढा फास्ट होता की कॅमेऱ्यात दिसायचा नाही, म्हणून फिल्म स्लो करावी लागायची". यात थोडं तथ्य आहे आणि तेच मजेशीर आहे. १९६६-६७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ग्रीन हॉर्नेट मालिका आली, त्यात हा काटो, हिरोचा ड्रायव्हर कम फायटर. तिथे त्याला खरंच जरा हळू कर म्हणून सांगावं लागलं होतं. पण का? फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेम. दोन फ्रेमच्या मध्ये हात इकडून तिकडे गेला तर पडद्यावर नुसता फराटा दिसतो, त्यात काटोचे कपडे काळे आणि सीन रात्रीचे. म्हणजे तो वेगवान होता हे खरंच, पण कॅमेऱ्यात न मावणारा हात हा काही चमत्कार नाहीये, तुमचा-माझा हातही झटक्यात फिरवला तर फोनवर पुसटच येतो.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. या पठ्ठ्याने त्यातून धडा घेतला. १९७२ चा फिस्ट ऑफ फ्युरी काढा, जपानी डोजोमधली, म्हणजे मारामारी शिकायच्या आखाड्यातली फाईट. सगळे गोल करून उभे, हा मधोमध, कॅमेरा वरून. हा हलतच नाही. ते सरकतात, हा नुसता बघतो. मग दोन सेकंदांत चार जण आडवे आणि हा परत थांबलेला, शरीर ताणलेलं, हात थरथरतायत, आणि कॅमेरा तोंडावर. वेग कळतो तो त्या थांबण्यामुळे! सतत फास्ट असतं तर डोळ्याला काही कळलंच नसतं. हे मारामारीचं ज्ञान नाहीये राव, हे एडिटिंग टेबलचं आणि नटाचं ज्ञान आहे. खऱ्या भांडणात कोणी असा पोझ देऊन उभा राहिला तर मागून खुर्ची बसेल डोक्यात.

तीच गत वे ऑफ द ड्रॅगनची, जो त्याने स्वतः लिहिला आणि डायरेक्टही केला. रोमच्या कोलोसियममधली अमेरिकन कराटेवाल्या चक नॉरिसबरोबरची फाईट. त्यातला बराचसा भाग हाँगकाँगच्या स्टुडिओत सेट लावून केलाय. फाईटच्या आधी दोघं निवांत वॉर्मअप करतात, बोटं मोडतात, एक मांजराचं पिल्लू बघत बसलंय. सुरुवातीला ब्रूस मार खातो. मग पाय बदलतो, पंजांवर उड्या घेत हलायला लागतो आणि तिथून बाजी पलटते. ती पावलं मुहंमद अलीच्या वळणाची आहेत, अलीच्या मॅचच्या फिल्म्स तो बसून अभ्यासायचा.

आणि आता आलाच आहे विषय तर अली विरुद्ध ब्रूस ली. दर महिन्याला कोणीतरी रील टाकतो, खाली हजारभर कमेंट. अशी फाईट कधीच झाली नाही. आणि ब्रूसचं वजन होतं साधारण ६४ किलो, अली हेवीवेट, ९५ च्या पुढे. कुस्तीचं मैदान बघितलेल्या माणसाला मी वजनी गट समजावून सांगायची वेळ का यावी? गावच्या जत्रेत ६४ किलोच्या पोराची जोड ९५ वाल्याशी लावली तर लोक पंचाला शिव्या घालतील, पण इथे ब्रूस ली म्हटलं की तराजू बंद पडतो.

"तो कधीच हरला नाही" हे पण असंच. अहो हरायला आधी खेळावं लागतं. शाळेत असताना १९५८ ला हाँगकाँगच्या शाळांमधली बॉक्सिंग स्पर्धा जिंकला, ती खरी. मोठेपणी कराटेच्या टुर्नामेंटमध्ये उतरायचा नाही, त्याचं स्पष्ट मत होतं की फटका लागायच्या आत हात थांबवायचा ही काय फाईट झाली. १९६४ ला लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत तो गेला तो प्रात्यक्षिक द्यायला, तो प्रसिद्ध एक इंचावरचा ठोसा आणि दोन बोटांवरचे पुशअप्स तिथलेच. कराटेच्या टुर्नामेंट्स जिंकणारा खरा चॅम्पियन होता चक नॉरिस, जो सिनेमात हरतो. (यावर नॉरिसचे फॅन्स माझ्या कमेंटमध्ये येणार, या, स्वागत आहे.)

एक बंद दाराआडची फाईट मात्र झाली, १९६४ च्या शेवटी ओकलंडला, वाँग जॅक मॅन नावाच्या दुसऱ्या कुंग फूवाल्याबरोबर. ब्रूसची बायको लिंडा तिथे हजर होती, तिचं म्हणणं तीनेक मिनिटांत ब्रूस जिंकला आणि भांडण होतं गोऱ्या-काळ्यांना कुंग फू शिकवू नको यावरून. वाँगचं म्हणणं वीस-पंचवीस मिनिटं चालली, निकाल लागला नाही, आणि कारणही ते नव्हतं, ब्रूसने जाहीर फुशारकी मारली होती म्हणून झालं. आता तुम्ही कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवा, पण माझ्यासाठी महत्त्वाचं ते त्याच्या पुढचं. त्या फाईटनंतर ब्रूस स्वतःवर जाम वैतागला. एवढा वेळ का लागला, एवढा दम का लागला. तिथून त्याने विंग चुनची चौकट सोडायला सुरुवात केली, पळणं, वेट्स, बॉक्सिंग, फेन्सिंग सगळं त्यात घेतलं, आणि १९६७ ला त्याला जीत कुन डो नाव दिलं. आपले फॅन्स त्याला अजिंक्य करतात, आणि त्याची पद्धत जन्मली तीच मुळी "मी कमी पडलो" या खुपणाऱ्या भावनेतून. अजिंक्य माणूस कशाला बदलेल हो?

शरीराचंही तसंच. डोळ्याला नीट दिसायचं नाही, कॉन्टॅक्ट लेन्स लावायचा. १९६३ मध्ये अमेरिकन सैन्याने मेडिकलला नापास केला. ब्रूस लीला! १९७० मध्ये एका सकाळी नीट वॉर्मअप न करता खांद्यावर बारबेल घेऊन पुढे वाकायचा व्यायाम केला आणि पाठीची नस दुखावून बसला. डॉक्टर म्हणाले, लाथ विसरा. कित्येक महिने अंथरुणात, घरात पैशाची चणचण, लिंडा नोकरीला लागली, आणि हा पडल्या पडल्या वह्या भरत होता. पाठ त्याची पुढेही दुखतच राहिली. म्हणजे ज्या चार सिनेमांवर आपण जीव टाकतो ते सगळे पाठ गेल्यानंतरचे आहेत. जिम लावणाऱ्या पोरांनो, भिंतीवर त्याचा फोटो लावताय तर वॉर्मअप तेवढा करा.

"फिलॉसॉफीची डिग्री होती त्याच्याकडे" ही अजून एक. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत होता, पण कागदोपत्री विषय ड्रामा, आणि डिग्री पूर्ण केलीच नाही. फिलॉसॉफी वाचायचा भरपूर, ते खरंय. ते त्याचं प्रसिद्ध "पाण्यासारखं हो" वालं वाक्य आधी आलं १९७१ च्या लाँगस्ट्रीट मालिकेत, डायलॉग म्हणून, लिहिणारा स्टर्लिंग सिलिफंट, जो स्वतः ब्रूसचा शिष्य होता. विचार ब्रूसचा, पटकथा शिष्याची. बाकी गुड मॉर्निंगच्या फुलाबरोबर त्याच्या नावावर जे काही येतं त्यातलं निम्मं तरी त्याने बोललेलं नसणार अशी माझी पैज.

मृत्यूवर लिहायचं जरा जिवावर येतं कारण तिथे लोकांच्या कल्पनाशक्तीला ऊत येतो. गुंडांच्या टोळ्या, विष, उशिरा परिणाम करणारा मृत्यूचा स्पर्श, शाप. जे नोंदलेलं आहे ते एवढं: १० मे १९७३ ला डबिंग करताना तो कोसळला, मेंदूला सूज, तेव्हा वाचला. २० जुलैला अभिनेत्री बेटी टिंग पेईच्या फ्लॅटवर डोकं दुखतंय म्हणून तिने एक गोळी दिली, इक्वाजेसिक, तो झोपला आणि उठला नाही. वय ३२. मेंदू परत सुजलेला. चौकशीचा निकाल अपघाती मृत्यू, गोळीतल्या घटकांची रिॲक्शन. पुढे कोणी उष्माघात म्हटलं, २०२२ मध्ये किडनीच्या एका जर्नलमध्ये काही डॉक्टरांनी मांडलं की शरीरातलं जादा पाणी बाहेर पडलं नसावं, सोडियम घसरलं असावं. हे सगळे अंदाज आहेत पण निदान शरीराच्या कामकाजाला धरून आहेत.

पण अफवा पेटल्या कशामुळे? त्याच्या सिनेमा कंपनीने आधी सांगितलं की तो स्वतःच्या घरी कोसळला. अब्रू झाकायला असेल. पत्रकारांनी दोन-तीन दिवसांत ॲम्ब्युलन्स कुठून निघाली ते शोधून काढलं आणि मग जे काही झालं ते झालं. एक खोटं पकडलं गेलं की लोक पुढचं खरंही ऐकत नाहीत, आणि त्याची किंमत टिंग पेईने आयुष्यभर मोजली. शापवाल्यांना १९९३ मध्ये मुलगा ब्रँडन सेटवर गोळी लागून गेला तेव्हा अजून चेव आला. तिथे शाप नव्हता, निष्काळजीपणा होता. बंदुकीच्या नळीत आधीच्या शूटिंगमधल्या डमी काडतुसाचं टोक अडकलं होतं, नंतर त्यावर ब्लँक (नुसत्या दारूचं, बिनगोळीचं काडतूस) झाडलं आणि ते टोक गोळीसारखं सुटलं. शाप म्हटलं की बंदूक न तपासणारे सुटतात, मला याचाच राग येतो.

अजून एक गंमत. आपल्याकडे व्हिडिओ पार्लरमध्ये ब्रूस लीचे "पंधरा-वीस पिक्चर" बघितलेले लोक मला भेटतात. दादा, मोठेपणी हिरो म्हणून त्याने पूर्ण केले ते चार. बाकी ब्रूस ली नावाचेच दुसरे, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे केलेले, एक तैवानचा, एक बर्मात जन्मलेला, शिवाय एक कोरियन ड्रॅगन ली. १९७८ चा गेम ऑफ डेथ तर कहर आहे, खऱ्या ब्रूसची फाईट जेमतेम दहा-बारा मिनिटं, बाकी गॉगलवाले डमी, एका सीनमध्ये तर आरशावर त्याच्या तोंडाचा पुठ्ठा चिकटवलाय, आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचं फुटेज सिनेमात वापरलंय. बघवत नाही.

शेवटची एक गोष्ट, जी ऐकायला थाप वाटते पण खरी आहे. १९७१ च्या सुरुवातीला ब्रूस ली भारतात आला होता. सोबत सिलिफंट आणि हॉलिवूडचा स्टार जेम्स कोबर्न, द सायलेंट फ्लूट नावाच्या सिनेमासाठी लोकेशन बघायला. कारण अध्यात्म वगैरे काही नाही, वॉर्नर ब्रदर्सचे रुपये भारतात अडकून पडले होते, ते इथेच खर्च करायला लागणार होते, म्हणून. कोबर्नला लोकेशन्स पटली नाहीत, प्रोजेक्ट बारगळला, आणि हातात काही नसलेला ब्रूस त्याच वर्षी हाँगकाँगच्या गोल्डन हार्वेस्टशी दोन सिनेमांचा करार करून बसला, दोन्हींचे मिळून १५,००० डॉलर. जुलैमध्ये थायलंडच्या पाक चाँग गावात त्यातल्या पहिल्या सिनेमाचं, द बिग बॉसचं शूटिंग सुरू. म्हणजे कोबर्नला आपला देश आवडला असता तर कदाचित बिग बॉस झालाच नसता, आणि ब्रूस ली कुठल्यातरी अर्धवट इंग्रजी सिनेमात कोबर्नच्या मागे उभा दिसला असता. तेव्हा इथे त्याला कोण ओळखणार होतं, लोक कोबर्नकडेच बघत असतील. कोणाच्या आजोबांकडे त्या दौऱ्याचं पेपरातलं कात्रण असेल तर कमेंटमध्ये टाका राव, नानचाकूवाला व्हिडिओ नको.