लंडनला आई-वडील येताहेत? मग एवढं कराच

सातारा-सांगलीकडची जी मुलं-मुली लंडनात स्थिरावली आहेत, त्यांच्यासाठी हे चार शब्द. लिहिणारा महसूल खात्यातून निवृत्त झालेला आहे आणि मुलाकडे राहून आलेला आहे. सकाळी साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापाशी फिरायला येणाऱ्यांत असे जाऊन आलेले बरेच आहेत, त्यामुळे अनुभवाला तोटा नाही. आमच्या वेळी पाहुणा आला की त्याला पाणी द्यायचं, चहा टाकायचा आणि समोर बसून गप्पा मारायच्या, एवढंच ठाऊक होतं. यात वेळ किती वाया जातो हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही ही कला फार पुढे नेली आहे. पण अजून काही जणांच्या हातून चुकून आई-वडिलांशी बोलणं होतं असं ऐकतो. ते टाळता यावं म्हणून हा प्रपंच.

सुरुवात कागदांपासून. व्हिसासाठी तुम्ही आमंत्रणाचं पत्र पाठवता, त्यात ‘आई-वडिलांना लंडन पाहण्याची फार दिवसांची इच्छा आहे’ असं जरूर लिहा. आपली अशी इच्छा आहे हे आम्हाला त्या पत्रातूनच कळतं. सूनबाईंची तारीख जवळ आल्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत, जमल्यास बारीक अक्षरात. मग हा माणूस सहा महिन्यांच्या आत परत जाईल याचे पुरावे लागतात. पेन्शनचा कागद, घरपट्टीची पावती आणि सातबारा, तोही इंग्रजी भाषांतरासह. ज्याचा गावच्या विहिरीत चौथा हिस्सा आहे आणि सख्ख्या भावाशी बांधावरून वाद चालू आहे, तो माणूस ते सगळं टाकून लंडनात कायमचा राहील, ही भीती त्यांना का वाटते कोण जाणे. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा दिसतो. तो कुणाच्या शिक्षणापायी चढला हे तिकडचा अधिकारी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका. व्हिसाच्या गडबडीत जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?

सामानाची यादी निघायच्या आदल्या रात्री पाठवावी. आधी पाठवली तर तुमची आई शांतपणे तयारी करते आणि त्यात मजा नाही. यादीत कंदी पेढे आणि साजूक तूप सगळ्यात वर घाला. भारतातून तिकडे दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून यादीच्या खाली ‘विमानतळावर काही विचारलं तर तुमचं तुम्ही बघा’ एवढं लिहून ठेवा. कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, वाघ्या घेवडा, भडंग आणि हळद यांना हरकत नसावी, पण प्रत्येक पुडी तीन पिशव्यांत गुंडाळली तरी चटणीचा वास मुंबईच्या विमानतळावर बॅगेच्या पुढे चालतो. आमच्या बॅगा शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर मोजल्या. दुकानदार म्हणाला, “काका, तेवीसला दोनशे ग्रॅम जास्त भरतंय, काय काढू?” हिने माझा स्वेटर काढला.

वडिलांना इंग्रजी बोलायची सवय नाही, आईला विमानतळाची भीती वाटते, यावर तुमच्याकडे नामी उपाय आहे: तिकिटातच व्हीलचेअर लिहून टाकायची. जो माणूस रोज पहाटे अजिंक्यतारा चढून उतरतो, त्याला हीथ्रोवर ढकलत आणलं जातं आणि त्याच्या मांडीवर चटणीची पिशवी असते. दार उघडलं की तुम्ही समोर मोबाइल धरून उभे. तो व्हिडिओ तासाभरात साताऱ्यात पोचतो आणि संध्याकाळपर्यंत पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत लोक हळहळतात, “गेले तेव्हा धडधाकट होते हो.”

आल्याबरोबर आमच्या हाती वेळापत्रक द्या. ते संगणकावर केलेलं, रंगीत रकान्यांचं असावं. शनिवारी टॉवर ऑफ लंडन, रविवारी क्यू गार्डन्स, पुढच्या शनिवारी ग्रीनिच. सोमवार ते शुक्रवारचे रकाने पांढरे ठेवा आणि त्यावर ‘आराम’ असं लिहा. आराम करायला माणूस साडेआठ हजार रुपयांचा विमा काढून सात समुद्र ओलांडून येतो का, असा प्रश्न एखादा तिरसट बाप विचारेल. त्याला टीव्हीवर मराठी चॅनल कसा लावायचा ते दाखवा. म्हणजे साताऱ्यात बसून जी मालिका बघायची, तीच लंडनात बसून साडेचार तास अलीकडे बघता येते.

शनिवारी मात्र कसर ठेवू नका. भुयारी रेल्वेत उभ्या-उभ्याच सांगा की ही जगातली पहिली, 1863 सालची. क्यू गार्डन्सला तिकिटाचा आकडा आधी सांगा, फुलं नंतर दाखवा. ही तिथे एका वाफ्यापुढे बराच वेळ उभी होती. मला वाटलं रमली. मग म्हणाली, “कासला ह्यातली निम्मी आपली आपण उगवत्यात.” कास पठारही 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे, क्यू गार्डन्सही आहे. पण आई-वडिलांनी अशी तुलना केली की तोंड जरा आंबट करायचं, हे तुम्हाला शिकवावं लागत नाही.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम तर चुकवूच नका. आमच्या चिरंजीवांनी आम्हाला वाघनखं दाखवायला तिथे नेलं. मी गाडीत बसल्यापासून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होतो, पण त्याचा फोन चालू होता. आत गेल्यावर कळलं की वाघनखं भारतात गेली आहेत. 2024 च्या जुलैत ती साताऱ्याच्या संग्रहालयात आली, एसटी स्टँडजवळ, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मी ती रांगेत उभा राहून पाहिली होती. तीन वर्षांच्या बोलीवर ती पाहुणी म्हणून इकडे आली. वाघनखांना तीन वर्षं आणि बापाला सहा महिने, यात मला गैर काही वाटत नाही. वाघनखं कुणाच्या स्वयंपाकघरात लुडबुड करत नाहीत.

तसं पाहिलं तर लंडनला लांब मुक्काम ठोकण्यात साताऱ्याच्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. इंग्रजांनी 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं, तेव्हा त्यांची कैफियत मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चांगले चौदा वर्षं तिथे राहिले. कंपनी सरकारने त्यांना अर्जावर अर्ज करू दिले, सभांत बोलू दिलं, आणि शेवटी रिकाम्या हाताने परत पाठवलं. पाहुण्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि काहीच मनावर घ्यायचं नाही, ही रीत त्या शहरात तेव्हापासून आहे. तुम्ही ती फक्त पुढे चालवत आहात.

आता घरातलं. साताऱ्यात साडेपाचला उठणारा माणूस उन्हाळ्यात तिथे पहिले काही दिवस रात्री एकच्या ठोक्याला टक्क जागा असतो. लाकडी जमीन पावलागणिक कुरकुरते, किटली एसटीसारखी आवाज करते. अशा वेळी तुम्ही खोलीतून ‘बाबा, झोपा ना’ असं म्हणायचं. झोप ही सांगून येण्याची गोष्ट आहे हे आम्हाला नव्याने कळतं. न्हाणीघराबद्दल जास्त बोलत नाही. टबाच्या बाहेर पाणी जायला मोरी नसते, आणि बादली-तांब्याने अंघोळ केली की खालच्या मजल्यावरच्या गोऱ्या बाईच्या छताला ओल येते, एवढं आम्हाला तिसऱ्या दिवशी त्या बाईकडूनच कळलं. आधी सांगायचं नाही, हे बरोबरच.

स्वयंपाकघर हा मोठा विषय आहे. आई आली म्हणजे घरचं खायला मिळणार, असं तुम्ही सगळ्या मित्रांना सांगून ठेवलेलं असतं. हिने पहिल्याच रविवारी आख्खा मसूर करायला घेतला. कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, ठेचलेला लसूण पडला, वर चमचाभर चटणी गेली आणि छताला चिकटवलेली, धूर झाला की ओरडणारी पांढरी डबी किंचाळायला लागली. हिने आधी गॅस बंद केला, मग देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. चिरंजीव पंचा घेऊन धावत आले आणि डबीखाली उभं राहून, जत्रेत पालखीवर चवरी ढाळावी तसा पंचा ढाळू लागले. सूनबाईंनी खिडक्या उघडल्या. नातू झोपेतून उठून डबीच्या पट्टीत रडू लागला. मसूर झाला, चांगला झाला, मित्र बोटं चाटून गेले. दुसऱ्या दिवशी ओट्याजवळ सूचना लागली: फोडणी फक्त शनिवारी, दार लावून, चटणी निम्मी. तुम्हीही अशी सूचना लावा. मराठीत लावा, म्हणजे आईला वाचता येईल.

देवापुढच्या दिव्याचंही तेच. जूनअखेरीला तिथे सूर्य सव्वानऊ होऊन गेल्यावर मावळतो. ही सात वाजल्यापासून हातपाय धुऊन तिन्हीसांजेची वाट बघत बसायची. जेवणं झाली, भांडी झाली, नातू झोपला, तरी बाहेर लख्ख उजेड. शेवटी तिने सातारच्या घड्याळाप्रमाणे दिवा लावायचं ठरवलं. म्हणजे दुपारचे अडीच. त्या वेळी चिरंजीवांची मीटिंग असायची.

या मीटिंगबद्दल तर स्वतंत्र लेख व्हावा. घरून काम करणारा मुलगा ही आई-वडिलांना मिळालेली मोठी देणगी आहे. तो दिवसभर घरात असतो आणि दिसत नाही. दार लावलेलं असतं. दारावर लाल चिठ्ठी असली म्हणजे मीटिंग, हिरवी असली म्हणजे मीटिंग होणार आहे. आतून हसण्याचा आवाज येतो. माणसं चांगली आहेत म्हणायची, मुलाला हसवतात. आम्ही मग बागेत जायचो. बाकावर नडियादचे एक काका आणि जालंधरचे एक सरदारजी नेमाने येत. आम्हा तिघांची भाषा एक नव्हती, पण तिघांच्याही मुलाला दोन ते पाच मीटिंग होती, त्यामुळे अडलं काही नाही.

पैशाच्या बाबतीत आम्हाला जरूर रागवा. कोथिंबिरीच्या जुडीला पौंड पडला की मी तोंडातल्या तोंडात शंभराच्या वर गुणायचो. ‘बाबा, गुणू नका, तसं जगता येत नाही’ असं तुम्ही म्हणा. मग महिनाअखेरीला घराच्या हप्त्याचा विषय निघाला की तुम्हीच गुणून दाखवा आणि आपल्या गोडोलीच्या प्लॉटला सध्या काय भाव आहे ते सहज विचारा.

सहा महिने संपत आले की पुढची तुकडी यायची असते. आम्ही जाताना आणि व्याही-विहीणबाई येताना मध्ये एक दिवस तरी मोकळा ठेवावा, असं आमच्या कट्ट्यावर एका काकांचं मत आहे. त्यांची आणि त्यांच्या व्याह्यांची गाठ हीथ्रोवरच पडली. नातवाचा ताबा, औषधाची वेळ, खेळण्यातली कुठली गाडी आवाज करते आणि फोडणीचा नियम, असं सगळं त्यांनी तिथेच उभ्या-उभ्या सोपवलं. मी आयुष्यभर बदलीच्या वेळी दप्तर सोपवलं, पण इतकी चोख कार्यभार-यादी कधी पाहिली नाही.

साताऱ्यात परतल्यावर सगळे विचारतात, “काय मग, मुलानं फिरवलं का?” याचं एकच उत्तर आहे, आणि चार भिंतीवर येणारा प्रत्येक जण ते देतो: “लई फिरवलं.” पुढे कुणी विचारत नाही, कारण विचारणाराही जाऊन आलेला असतो.

तर बाबांनो, येत्या डिसेंबरात तुम्ही दहा दिवस येणार, त्यातले चार गोव्याला आणि तीन सासुरवाडीला, हे कळलं. उरलेल्या तीन दिवसांचं वेळापत्रक सोबत जोडत आहे. पहिल्या दिवशी कास. डिसेंबरात फुलं नसतात, पण रकान्यात तेच बसत होतं. दुसऱ्या दिवशी ठोसेघरचा धबधबा. पाणी आटलेलं असेल, जागा दाखवू. तिसऱ्या दिवशी सज्जनगड, पायऱ्या चढायच्या आहेत, व्हीलचेअर मिळणार नाही. डबा घरून घ्यायचा आहे, बाहेर खर्च नको. दुपारी दोन ते पाच माझी पेन्शनर संघाची मीटिंग असते. ती यंदापासून घरीच, पुढच्या खोलीत घ्यायची ठरली आहे. दार लावलेलं असेल, तेवढ्या वेळात मुलांना अंगणात खेळवा. टीव्ही मधल्या खोलीत आहे. इंग्रजी चॅनल कसा लावायचा ते तुमची आई दाखवेल.