माफ कर म्हणजे गप्प बस, असं बायबल कुठं म्हणतं?

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर, नातेवाइकांच्या दोन ग्रुपवर आणि काल एका ओळखीच्या ताईंच्या स्टेटसला, सगळीकडे तोच मेसेज. हात जोडलेला फोटो आणि खाली लिहिलंय की खरा ख्रिस्ती माणूस माफ करतो आणि विसरून जातो, सत्तर वेळा सात सोसतो, पोलीस-कोर्टाची पायरी चढत नाही, ज्याने दुखावलं त्याला परत जवळ करतो, आणि जो माफ करत नाही त्याच्या अंगात तो कडवटपणा कॅन्सर होऊन बाहेर येतो. खाली आमेनची रांग. क्षमा ही माझ्या विश्वासातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, मला स्वतःला ती रोज लागते, म्हणूनच हा मेसेज वाचून गप्प बसवेना. कारण ग्रुपवर घरात मार खाणाऱ्या बायका पण आहेत, भावाने जमीन लाटलेली माणसं आहेत, आणि त्यांना हा मेसेज देवाचा शब्द म्हणून पोचतोय.

आधी ते विसरायचं बघू. यिर्मयाच्या 31व्या अध्यायात देव म्हणतो की त्यांचं पाप मी यापुढे आठवणार नाही, त्यावरून हे काढलंय. पण तिथे आठवणार नाही म्हणजे हिशेबाला धरणार नाही, झालंच नव्हतं असं नाही. मत्तयाचा पहिलाच अध्याय उघडा, जी वंशावळ आपण नाताळात भराभर वाचून पुढे जातो. तिथे लिहिलंय की दाविदाला शलमोन झाला तो उरीयाच्या बायकोपासून. बथशेबाचं नाव नाही, उरीयाची बायको! दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारवलं, मग पश्चात्ताप केला, त्याला क्षमा मिळाली, त्यालाही सुमारे हजार वर्षं होऊन गेली, तरी प्रभूच्या वंशावळीत ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव पुसलेलं नाही. आणि मेलेल्यातून उठलेल्या येशूने थोमाला काय दाखवलं? हातातल्या खिळ्यांच्या खुणा. पुनरुत्थान झालेल्या शरीरावर जखमांच्या खुणा राहू शकतात तर आपल्या आठवणी राहिल्या म्हणून आपण कमी विश्वासू कसे ठरतो हे मला कोणी सांगावं.

सत्तर वेळा सात. ही ओळ तोडून काढलीय, हे मी अगदी स्पष्ट म्हणते. मत्तय 18 मध्ये 21व्या वचनात शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि येशू म्हणतो सत्तर वेळा सात. त्याच्या जेमतेम सहा वचनं आधी येशू काय सांगतो? भावाने तुझा अपराध केला तर जा, त्याला एकट्याला गाठून त्याचा दोष दाखव. नाही ऐकलं तर एक-दोन जण बरोबर घे, म्हणजे साक्षीदार झाले. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही नाही ऐकलं तर तो तुला परक्यासारखा होवो. म्हणजे तोंड उघड, साक्षीदार आण, चारचौघात मांड, हे सगळं आधी आहे आणि सत्तर वेळा सात नंतर आहे. लूक 17 मध्ये तर एकाच वाक्यात दोन्ही आहे, त्याला दटाव, आणि पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आणि मत्तय 18 मध्येच सत्तर वेळा सातच्या पुढचा दाखला, निर्दय चाकराचा. आपण प्रवचनात ऐकतो की राजाने डोंगराएवढं कर्ज सोडलं आणि चाकराने किरकोळ रकमेसाठी दुसऱ्याचा गळा धरला. पण ती किरकोळ रक्कम शंभर दिनार आहे, एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे तीन महिन्यांच्या वर कमाई. राजाने सोडलेल्या दहा हजार टॅलेंटपुढे ती काहीच नाही हे खरंच, एका टॅलेंटचे साधारण सहा हजार दिनार होतात, गुणाकार करून बघा. पण ज्याचे तीन महिन्यांचे पैसे बुडाले त्याला येशू तुझं काही गेलंच नाही असं म्हणत नाही. कर्ज खरं आहे म्हणूनच ते सोडण्याला किंमत आहे. प्रभूची प्रार्थना आपण मराठीत म्हणतो त्यात शब्दच तसे आहेत, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. ऋण सोडायचं तर आधी ते ऋण आहे हे म्हणावं लागतं, कुणाचं किती ते पण.

इथे माझ्या मावशीचं सांगते. नगर जिल्ह्यातलं गाव, नवरा प्यायचा आणि हात उचलायचा. ती तीन वेळा माहेरी आली आणि तिन्ही वेळा तिला हाच सत्तर वेळा सातचा हिशेब सांगून परत पाठवलं, सांगणारे आमच्याच मंडळीतले मोठे लोक होते, वाईट हेतूचे नव्हते. तिसऱ्या वेळी परत गेली तेव्हा तिचा डावा कान गेला, आजही तिच्याशी बोलताना उजव्या बाजूला बसावं लागतं. 18व्या अध्यायाचं 15वं वचन तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

आता पोलीस-कोर्ट, यावर मला जास्त बोलायचंय. मेसेजवाले पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 6वा अध्याय देतात, भाऊ भावावर कोर्टात का जातो म्हणून. पण पौलाची तक्रार काय आहे, की तुमच्यात निवाडा करायला एकही शहाणा नाही का? म्हणजे निवाडा करा असंच तो म्हणतोय. आणि अलीकडचा 5वा अध्याय वाचलात तर बापाच्या बायकोला ठेवणाऱ्या माणसाला मंडळीतून काढा म्हणून तोच पौल सांगतो. स्वतः पौल फिलिप्पैला काय वागला ते प्रेषितांच्या कृत्यांत 16व्या अध्यायात आहे. त्याला आणि त्याच्या सोबत्याला, सीलाला, फटके मारून तुरुंगात टाकलं, रात्री भूकंप झाला, तुरुंगाचा अधिकारी जीव द्यायला निघाला तेव्हा पौलानेच ओरडून त्याला थांबवलं, मग त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन जेवू घातलं. याहून मोठी क्षमा कोणती? आणि सकाळी शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगून पाठवलं की जा, सोडलं तुम्हाला, तर पौल म्हणतो चोरून नाही जाणार, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघात मारलंत, स्वतः या आणि बाहेर न्या. आले ते, विनंती करत आले. दुसरा गाल पुढे कर म्हणणाऱ्या येशूच्या तोंडात महायाजकापुढे शिपायाने मारली तेव्हा त्यानेही विचारलं, माझं चुकलं असेल तर दाखव, नसेल तर का मारतोस?

आणि आपल्याच देशातलं उदाहरण घ्या ना. 22 जानेवारी 1999 ची रात्र, ओडिशातलं मनोहरपूर, कुष्ठरुग्णांत काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप 10 वर्षांचा आणि टिमोथी 6 वर्षांचा, गाडीत झोपलेले असताना जमावाने गाडी पेटवून दिली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारणाऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं आणि मुलीला घेऊन बारीपदालाच राहिल्या, कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. पण म्हणून खटला थांबला नाही, आणि थांबावा असा त्यांचा आग्रहही नव्हता, क्षमा वेगळी आणि कायद्याने होणारी शिक्षा वेगळी हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. मुख्य आरोपी दारा सिंगला 2003 मध्ये फाशी सुनावली, 2005 मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली आणि 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. आपल्या प्रवचनांत ग्लॅडिसबाईंचं पहिलं वाक्य येतं, दुसरं येत नाही. हा आपला दोष आहे, त्यांचा नाही.

परत जवळ करा, हा चौथा मुद्दा. योसेफाने त्याला विकणाऱ्या भावांना मिठी मारली, बरोबर, पण केव्हा? आधी तीन दिवस कोठडीत ठेवलं, शिमोनाला अडकवून घेतलं, धाकट्या बन्यामीनाच्या गोणीत प्याला घालून बघितलं की हे याला पण सोडून पळतात का. आणि ज्या यहूदाने योसेफाला विकायची युक्ती काढली होती तोच पुढे येऊन म्हणाला, याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. तेव्हा योसेफाला रडू आवरलं नाही. क्षमा त्याच्या मनात आधीपासून असेलही, पण दार उघडलं ते माणूस बदललेला दिसल्यावर. कॅथलिक नन सिस्टर राणी मारियांचंही तसंच, 1995 मध्ये इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. त्यांच्या बहिणीने, सिस्टर सेल्मी यांनी, 2002 मध्ये मारेकरी समुंदर सिंगला राखी बांधली, ती तुरुंगात जाऊन. तो तेव्हा शिक्षा भोगत होता आणि त्याला पस्तावा झाला होता. ज्या माणसाला पस्तावा नाही, ज्याचा हात अजून उगारलेला आहे, त्याच्या घरात परत जाऊन राहा असं यातून कुठं निघतं?

कॅन्सरचं तर सोडाच, माफ न केल्यामुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं पाप कोणाचं, तर येशूने तो प्रश्नच मोडून काढला. केमो घेणाऱ्या बाईला हा मेसेज पाठवणं क्रूरपणा आहे.

मावशी चौथ्यांदा माहेरी आली ती राहिलीच. पोटगीची केस टाकली, शिवणकाम करून दोन मुली शिकवल्या. प्रभूची प्रार्थना सगळे मोठ्याने म्हणायचो तेव्हा ऋण सोडलेच्या ओळीला ती गप्प व्हायची, पुढच्या ओळीला परत सुरू, आम्हाला लहानपणी वाटायचं तिला पाठ नाही. आठ-नऊ वर्षं तसंच चाललं. मग एका रविवारी उपासनेत मी तिच्या शेजारी बसले होते आणि तिने ती ओळ म्हटली, हळू पण पूर्ण म्हटली. घरी येताना मी विचारलं, मावशी, काकांना माफ केलंस का? म्हणाली, हो, आता त्यांचं वाईट व्हावं असं मनात येत नाही. त्याच आठवड्यात मंगळवारी पोटगीची तारीख होती. सकाळचा डबा भरून ती सव्वासातच्या एसटीने तालुक्याला गेली.