‘त्यांना कळतं कुठे!’ म्हणत फोनची वायर काढण्याआधी

स्मृतिभ्रंश झालेल्या आजींच्या उशाशी असलेला फोन उचलून कपाटात ठेवला. का, तर ‘मेसेज आला होता’. इतक्या जवळच्या घरात हे झाल्यावर गप्प बसवत नाही. मेसेज तुमच्याही गटात येऊन गेला असेल: डोक्यावर ‘जनहितार्थ’, शेवटी जोडलेले हात आणि मध्ये पाच कलमं. एक, मोबाइलच्या लहरींनी विसर वाढतो. दोन, त्यापेक्षा साधा लँडलाइन बसवा, वीज गेली तरी चालतो, त्याच्याकडे बघावंही लागत नाही. तीन, ते जमत नसेल तर मोठ्या बटणांचा सीनियर फोन आणा, प्रश्न मिटला. चार, पेशंट सारखा फोन करून भंडावत असेल तर मागची वायर काढून ठेवा, त्यांना कळत नाही. पाच, फोनच नसेल तर फसवणूकही नाही.

लहरींचं एका दमात उरकू. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आपल्याला बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी दिल्या आहेत. त्या यादीत मोबाइलच्या लहरी नाहीत. कमी ऐकू येणं आहे, माणसांपासून तुटणं आहे. म्हणजे आजार लांब राहावा म्हणून जे सांभाळायला सांगतात, नेमकं तेच हा मेसेज काढून घ्यायला लावतो. अहवालातला हा हिशेब आजार होण्याआधीच्या धोक्याचा आहे, हे मान्य. पण आजार झाल्यावर एकटेपणा गुणकारी ठरतो असंही कुणी लिहिलेलं नाही.

आता सरळ कलम चारवर येऊ, कारण खरं नुकसान तिथे आहे. वायर काढलेल्या फोनचा रिसीव्हर आजी उचलतात, कानाला लावतात, आत टोन नाही. बटणं दाबतात, काही नाही. फोन लागला नाही ही गोष्ट दहा मिनिटांत विसरली जाईल, पण जिवाची घालमेल विसरली जात नाही. ती मागे राहते, आणि कारण न आठवता हात पुन्हा रिसीव्हरकडे जातो. फोनने भागलं नाही की मग दाराची कडी निघते आणि माणूस मुलाला शोधायला रस्त्यावर येतो. शिवाय न्हाणीत घसरून पडलेलं माणूस कसंबसं फोनपर्यंत पोचलं, तर त्याच्या हाती तुम्ही खेळणं ठेवलेलं असतं.

सारखा फोन येतो त्याचं कारण साधं आहे. आधीचा फोन झाल्याचं त्यांना आठवत नाही आणि उत्तर डोळ्यांसमोर कुठे दिसत नाही. दिवसात तीस फोन आले म्हणून प्रश्न तीस नसतात. एखाद-दोन असतात: ‘कधी येणार?’ आणि ‘पैसे कुठे ठेवलेस?’ आठवडाभर एका कागदावर वेळ आणि प्रश्न टिपून ठेवा. पुष्कळदा गठ्ठा दिवेलागणीला पडलेला दिसेल, कारण तिन्हीसांजेला अस्वस्थ होणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. पाचला फोन सुरू होत असतील तर पावणेपाचला तुम्ही करा. फोनशेजारी पांढरा फळा टांगा आणि त्यावर जाड काळ्या अक्षरांत तीनच वाक्यं लिहा: ‘आज बुधवार. भाऊ रात्री ८ वाजता येणार. जेवण झाकून ठेवलं आहे.’ रोज सकाळी पुसून नवं लिहायचं. गुरुवारी फळ्यावर बुधवार राहिला तर तोच फळा नव्या तीस फोनांचं कारण होतो. उत्तर दर वेळी त्याच शब्दांत द्या, आणि ‘आत्ताच तर सांगितलं’ हे तोंडात येऊ देऊ नका. त्यांच्या हिशेबी त्यांनी पहिल्यांदाच विचारलेलं असतं.

कामावर असताना पंचाईत होते, ते खरंच आहे. त्यासाठी आजींच्या फोनच्या पहिल्या मेमरी बटणावर (एकदा दाबलं की भरून ठेवलेला नंबर लागतो ते) स्वतःचा रोजचा नंबर ठेवूच नका. एक वेगळा सिम घ्या, जुन्या हँडसेटमध्ये घाला, रिंगटोन वेगळी लावा, आणि तो हँडसेट घरातल्या ज्याला त्या वेळी सवड आहे त्याच्याकडे फिरता ठेवा. आणि ११२ किंवा १०८ बटणावर बसवू नका. चुकून दहादा लागेल. त्या जागी शेजारच्या वहिनींचा नंबर बरा.

कलम दोन अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच साधारण ४८ व्होल्ट मिळतात. त्यामुळे अख्खा वाडा काळोखात असला तरी फोन वाजायचा. पण आता नवी जोडणी बहुतेक फायबरवर मिळते, आणि भिंतीवरच्या त्या डब्याला, ओएनटीला, घरातलीच वीज लागते. जूनमध्ये माडाचं झावळ तारेवर पडलं की डबा बंद, फोनही बंद. डब्याला मिनी यूपीएस, म्हणजे वीज गेली की डबा चालवणारी छोटी बॅटरी, लावावा लागतो, तोही अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचून. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण ९ च्या डब्याला १२ दिले तर तो जळू शकतो. कॉर्डलेसच्या वाटेला जाऊ नका. त्याच्या बेसला आणखी वेगळी वीज लागते, आणि हँडसेट दुसऱ्या दिवशी उशीखाली सापडतो, बॅटरी उतरलेला.

‘बघावं लागत नाही’ हे तर धादांत खोटं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो. मेमरी बटणात जुना दहा आकडी नंबर पडून असेल तर पलीकडे रेकॉर्ड केलेली बाई बोलते, आणि आजी तिलाच ‘कोण गे तूं?’ विचारत बसतात. फोनच्या बुडाला किंवा कडेला टोन-पल्सचा, म्हणजे नंबर लावायच्या नव्या-जुन्या पद्धतींचा, चाप असतो. तो टोनवर सरकवून वर चिकटपट्टी मारा, कारण फायबरच्या पुष्कळ डब्यांना पल्स कळत नाही: आलेला फोन वाजतो, पण इथून लावायला गेलं तर लागत नाही. रिसीव्हर तिरका ठेवला गेला की बाहेरच्याला तासन्‌तास एंगेज लागतो. गुंडाळी वायर पिळून आखडली की हे रोजचं होतं. रिसीव्हर लोंबकळत सोडला तर पीळ आपोआप सुटतो.

बटणांवर पुठ्ठा बसवा. जाड पुठ्ठ्यात तीन मेमरी बटणांपुरत्या खिडक्या कापायच्या आणि बाकी सगळं झाकायचं, विशेषतः रिडायल, फ्लॅश आणि म्यूट. म्यूट दबलं की आजी इकडे बोलत राहतात, तिकडे शब्द पोचत नाही, आणि मुलगी घाबरून शेजाऱ्यांना पळवते. खिडकीशेजारी फोटो लावायचा तर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा लावा. आताचा टक्कल पडलेला मुलगा त्यांच्या ओळखीचा नसण्याचा संभव आहे.

मोठ्या बटणांच्या सीनियर फोनबद्दल थोडक्यात. बटण दिसत नाही ही डोळ्यांची अडचण झाली. इथे अडचण नवं शिकण्याची आहे. रिसीव्हर उचलला की समोरचा बोलतो, ही हाताची सवय बराच काळ टिकते. हिरवं बटण दाबून फोन घ्यायचा हे नव्याने शिकवलेलं टिकत नाही. म्हणून साठीच्या आधी ते कोणता फोन वापरत होते ते आठवा आणि त्याच घाटाचा घ्या, जुन्या जागी ठेवा. आयुष्यभर बटणांचा मोबाइल वापरलेल्या आजोबांना मात्र तोच बरा. फक्त लाल बटण जास्त वेळ दाबलं की फोन बंद पडतो, आणि दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही की स्वस्तातला २जी हँडसेट जिओच्या सिमवर चालत नाही. त्याला ४जी आणि व्होल्टीवाला, म्हणजे ४जीवरूनच बोलणं चालणारा, लागतो.

तार ओढून मिळत नसेल तर सिम घालायचा टेबल-फोन घ्या, ज्याला जुने लोक अजून वॉकी म्हणतात. दिसायला लँडलाइन, आत बॅटरी. २जी-४जीची भानगड त्यातही आहे, तेवढी बघून घ्या. चिऱ्याच्या जाड भिंतींत सिग्नल मरतो, म्हणून आधी मोबाइल घेऊन खोलीभर फिरा आणि जिथे दोन-तीन दांड्या टिकतात तिथे खिडकीकडे टेबल लावा. रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. प्लॅन संपला की आधी जाणारे फोन बंद होतात, मग येणारेही. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढरा फोन ठेवू नका. रिंग जाड आवाजाची निवडा: वयाबरोबर बारीक, उंच स्वर आधी जातात, म्हणून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून उठणाऱ्या आजींना मोबाइलची किणकिण ऐकू येत नाही.

राहिलं पाचवं. चोर फोनवरून येतात हे खरं, आणि ‘डिजिटल अरेस्ट’ असं कायद्यात काही नाही हे आजींना समजावून उपयोग नाही हेही खरं. पण उपाय बँकेत आहे. खात्याला आणि आधारला जोडलेला नंबर आजींच्या फोनचा नको, सांभाळणाऱ्याचा हवा. ओटीपी त्या फोनवर येतच नसेल तर आजी तो कुणाला वाचून दाखवणार? एटीएम कार्डही त्यांच्या कप्प्यात नको. एवढं करूनही पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० ला लगेच कळवा.

कपाटातला तो फोन आता जागेवर आला आहे. आठवडाभर वायर निघालेली असल्यामुळे मेमरीतले नंबर पुसले गेले होते. ते पुन्हा भरावे लागले, या वेळी शून्य लावून.